जिंकलेल्या शहराला किती कॅलरी लागतात?

ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह ज्या किल्ल्यात आहे, तो 1737 मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला आणि 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी मराठ्यांकडून. किल्ल्यावरचं निशाण बदललं, तरी गावापुढे दुसऱ्या दिवशी प्रश्न उरतो तो चुलीचा. दुसऱ्या महायुद्धात या प्रश्नाचा थेट प्रयोगशाळेत अभ्यास झाला.

जिंकण्याची खात्री नव्हती, तेव्हाच, मे 1942 मध्ये, अमेरिकेनं शार्लट्सव्हिलच्या विद्यापीठात लष्करी शासनाचं, म्हणजे जिंकलेल्या प्रदेशाचा कारभार चालवण्याचं, प्रशिक्षण सुरू केलं. युद्ध संपलं की उपासमारीनं खंगलेल्या लाखो लोकांना जगवायचं कसं, हे मात्र डॉक्टरांनाही नीट माहीत नव्हतं.

म्हणून शरीरशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात 36 तरुणांना निवडलं. शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले हे तरुण उपाशी राहायला मात्र आपणहून पुढे आले होते. 1945 मध्ये 24 आठवडे त्यांना रोज सुमारे 1,570 कॅलरी मिळाल्या: बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. शिवाय आठवड्याला 35 किलोमीटर चालणं. वजन जवळजवळ चौथ्या हिश्शानं उतरलं, नाडी मंदावली, पाय सुजले, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली. काहीजण तर पाककृतींची पुस्तकं गोळा करून वाचत बसत. पुढे त्यांना पुन्हा खायला घालताना कळलं, की जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी भागत नाही. शरीर भरून यायला काही काळ दिवसाला 4,000 च्या आसपास कॅलरी लागतात.

आता हा आकडा पाहा. पराभूत जर्मनीत अमेरिकी आणि ब्रिटिश सैन्याच्या ताब्यातल्या विभागांत सर्वसाधारण नागरिकासाठी ठरलेलं रेशन होतं 1,550 कॅलरी. म्हणजे ज्याला प्रयोगात उपासमार म्हटलं, तेच इथे उद्दिष्ट! आज ठाण्यातल्या रेशन दुकानात माणशी महिन्याला मिळणारं 5 किलो धान्य दिवसाला साधारण 570 कॅलरी देतं. पण भाजी, डाळ, तेल आपण बाजारातून आणतो. जर्मन शहरांत बाजार ओस पडले होते. काळ्या बाजारात ज्याची ऐपत नव्हती, त्याची सगळी भिस्त कुपनांवर. 1946 च्या वसंतात ब्रिटिश विभागात तेही रेशन हजार कॅलरींवर घसरलं.

नियोजन जमलं तिथे फरक स्पष्ट दिसला. दोस्त राष्ट्रांनी घेतलेल्या इटलीतल्या नेपल्समध्ये 1943 च्या हिवाळ्यात उवांमधून पसरणाऱ्या टायफस या तापाची साथ आली. साबण नाही, हवाई हल्ल्यांपासून बचावाच्या तळघरांत दाटीवाटी. पथकांनी हातपंपानं लोकांच्या बाह्यांत आणि कॉलरमध्ये कीटकनाशक भुकटी, पुढे मुख्यतः डीडीटी, फवारली. कपडे उतरवायची गरजच नव्हती. दहा लाखांहून अधिक माणसांवर ती फवारली गेली आणि भर हिवाळ्यातच साथ आटोक्यात आली.