गाठीत पेरलेला धातू आणि किरणोपचार

नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे कर्करोगावरील उपचार व संशोधनाचे संकुल आहे. तेथील प्रोटॉन उपचाराची सुविधा २०२३ साली राष्ट्राला अर्पण करण्यात आली. तिच्यामागची गरज किरणोपचाराइतकीच जुनी आहे: मारा गाठीवर व्हावा आणि शेजारच्या निरोगी पेशी वाचाव्यात. प्रोटॉन उपचारात त्यासाठी किरणांचा प्रकारच बदलला जातो आणि त्याकरिता स्वतंत्र इमारत व्यापणारे यंत्र उभारावे लागते. याच गरजेचे दुसरे उत्तर गेली दोन दशके शोधले जात आहे. त्यात यंत्र आहे तेच राहते, बदलते ती गाठ, कारण तिच्या आत धातूचे अतिसूक्ष्म कण पोचवले जातात.

क्ष-किरण पेशीत शिरले की अणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर फेकले जातात. हे इलेक्ट्रॉन डीएनएचे धागे थेट तोडतात किंवा पेशीतील पाण्याच्या रेणूंपासून अत्यंत क्रियाशील मूलके तयार करतात आणि ती मूलके तोच घात करतात. मात्र वाटेतील निरोगी पेशींचीही याच रीतीने हानी होत असल्यामुळे मात्रा वाटून द्यावी लागते. साधारणपणे दररोज २ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक), आठवड्यातून पाच दिवस आणि अनेकदा सहा-सात आठवडे असा हा क्रम चालतो. तोंडाच्या कर्करोगात या काळात तोंड कोरडे पडते आणि घास गिळणे कठीण होते. मात्रा आणखी वाढवावी, तर हाच त्रास आडवा येतो.

धातूची कल्पना नेमकी येथे उपयोगी पडते. कमी ऊर्जेचे क्ष-किरण अणूकडून किती शोषले जातील हे अणुक्रमांकावर फार तीव्रतेने अवलंबून असते. शरीरातील कार्बन, नायट्रोजन व ऑक्सिजन यांचे अणुक्रमांक ६ ते ८ आहेत, तर सोन्याचा ७९ आहे. म्हणून सुमारे ४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला सोने तेवढ्याच वजनाच्या मऊ ऊतींच्या शंभराहून अधिक पट ऊर्जा शोषते आणि त्यातील मोठा भाग इलेक्ट्रॉनांच्या रूपाने बाहेर टाकते. यांतील ‘ऑजे’ नावाचे मंद इलेक्ट्रॉन फार थोडे अंतर जाऊन थांबतात, त्यामुळे त्यांचा घाव कणाच्या अगदी शेजारीच बसतो.

२००४ साली अमेरिकेतील हेनफेल्ड, स्लॅटकिन व स्मिलोविट्झ यांनी स्तनाच्या गाठी असलेल्या उंदरांना १.९ नॅनोमीटर व्यासाचे सोन्याचे कण शिरेतून दिले आणि त्यानंतर २५० किलोव्होल्टचे क्ष-किरण दिले. एका वर्षानंतर या गटातील ८६ टक्के उंदीर जिवंत होते, तर केवळ किरण मिळालेल्यांपैकी २० टक्केच उरले होते. या निष्कर्षाने क्षेत्राला चालना मिळाली हे खरे, पण त्यातील मात्रा पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वजनाच्या प्रत्येक किलोमागे २.७ ग्रॅम सोने दिले गेले होते. साठ किलोच्या माणसाला त्याच हिशेबाने १६२ ग्रॅम, म्हणजे दहा ग्रॅमच्या तोळ्याने सोळा तोळ्यांहून अधिक सोने लागेल.

याहून खोल अडचण ऊर्जेची आहे. २५० किलोव्होल्टचे किरण त्वचेजवळच बरेचसे खर्ची पडतात, म्हणून खोलवरच्या गाठींसाठी रुग्णालयातील लिनॅक यंत्रे, म्हणजे इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग देऊन क्ष-किरण निर्माण करणारी यंत्रे, मेगाव्होल्ट ऊर्जेचे किरण वापरतात. खाडीपलीकडील ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘भाभाट्रॉन’मधील कोबाल्ट-६० चे गॅमा किरणही १.१७ व १.३३ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे असतात. या ऊर्जेला कॉम्प्टन विकिरण, म्हणजे इलेक्ट्रॉनांवर आदळून किरणांचे विखुरणे, वरचढ ठरते आणि त्यात सोने व पाणी यांतील फरक जवळजवळ पुसला जातो. त्यामुळे भौतिकशास्त्राच्या गणितानुसार गाठीतील मात्रा जेमतेम काही टक्क्यांनी वाढायला हवी. तरीही प्रयोगशाळेतील पेशींवर अनेकदा त्याहून अधिक परिणाम दिसला आहे. कणांच्या पृष्ठभागावर होणाऱ्या रासायनिक क्रिया, पेशीवरील ऑक्सिडीकरणाचा ताण आणि डीएनए-दुरुस्तीत येणारा अडथळा ही त्याची कारणे मानली जातात. या विषयाचा सर्वांत रोचक भाग मला हाच वाटतो, कारण येथे किरणांच्या गणिताइतकेच पेशीच्या जीवशास्त्राला महत्त्व येते.

कण गाठीत पोचवणे हीदेखील सोपी गोष्ट नाही. गाठीतील रक्तवाहिन्या गळक्या असतात, म्हणून कण तेथे साचतील अशी अपेक्षा होती. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी, सर्व अभ्यासांतील मधला आकडा धरला तर, अवघे ०.७ टक्के गाठीत पोचल्याचे आढळले. सुमारे साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून लघवीवाटे निघून जातात आणि त्याहून मोठे कण मुख्यतः यकृतात व प्लीहेत अडकतात. सोन्याच्या जागी गॅडोलिनियम वापरणारे ‘अगुइक्स’ कण या दृष्टीने हुशारीने घडवलेले आहेत. ते मूत्रपिंडातून बाहेर पडण्याइतके लहान आहेत आणि एमआरआयमध्ये दिसत असल्याने कुठे साचले हेही कळते. मेंदूत पसरलेल्या कर्करोगावर त्यांच्या चाचण्या झाल्या आहेत.

माणसांवरील सर्वांत ठोस पुरावा मात्र हाफ्नियम ऑक्साइडच्या कणांचा आहे. हाफ्नियमचा अणुक्रमांक ७२. हे कण शिरेतून न देता किरणोपचारापूर्वी एकदाच थेट गाठीत टोचले जातात. मऊ ऊतींच्या सार्कोमावरील, म्हणजे स्नायू, चरबी अशा ऊतींच्या कर्करोगावरील चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांना ५० ग्रे किरण देऊन नंतर शस्त्रक्रिया करण्यात आली. काढलेल्या गाठीत जिवंत कर्कपेशी जवळजवळ न उरण्याचे प्रमाण कण दिलेल्या गटात १६ टक्के होते, तर केवळ किरण मिळालेल्या गटात ८ टक्के. हे प्रमाण दुप्पट आहे, पण बहुसंख्य रुग्णांना तो लाभ झाला नाही, हेही त्याच आकड्यांत लिहिलेले आहे.

आपल्याकडील घरांत सोने म्हटले की सुवर्णभस्माची आठवण होणे साहजिक आहे. परंतु पोटात घेतलेले भस्म गाठीत साचून किरणांचा प्रभाव वाढवते, असा या संशोधनाचा अर्थ काढता येत नाही. किरणोपचार चालू असताना असे काही घ्यायचे असल्यास ते डॉक्टरांना आधी सांगणे आवश्यक आहे.

हाफ्नियमची पुढची चाचणी डोके व मानेच्या कर्करोगावर, सिस्प्लॅटिनसारखे केमोथेरपीचे औषध न झेपणाऱ्या वृद्ध रुग्णांसाठी आखली गेली. भारतीय पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि तोंडातील किंवा मानेतील गाठीपर्यंत सुई सहसा पोचू शकते. त्यामुळे सोन्याच्या उंदरांवरील आकड्यांपेक्षा या चाचणीतील आयुर्मानाचे आकडे आपल्या रुग्णांसाठी अधिक मोलाचे ठरतील. लाभ सिद्ध झाला, तर आज चालू असलेल्या लिनॅकवरच, पहिल्या फेरीआधीच्या एका इंजेक्शनची भर घालून तो देता येईल.