पूररेषा: नकाशावरची रेघ आणि जोत्याची पातळी

पुराचं पाणी कुठवर येईल हे दाखवणारी पूररेषा नकाशावर ठसठशीत दिसते, जागेवर तिचा नेम नसतो. काठाची जमीन २०० मीटरला १ मीटर इतक्या मंद उताराची असेल, तर पाण्याच्या पातळीचा अंदाज ३० सेंटिमीटरने चुकला की रेषा ६० मीटर सरकते. तेवढ्यात घरांच्या दोन-तीन रांगा बसतात. म्हणून नकाशा हातात आला की आधी रेघ नाही, तिच्यामागचा पातळीचा आकडा बघावा. तो छापलेलाच नसेल तर त्या नकाशावरून जोत्याची उंची ठरवता येत नाही.

‘१०० वर्षांचा पूर’ हे नाव तर दिशाभूलच करतं. त्याचा अर्थ, दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता १ टक्का. यंदा येऊन गेला म्हणून पुढची ९९ वर्षं सुटका होत नाही. ३० वर्षांत तो किमान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के भरते. ‘२५ वर्षांच्या’ पुराची हीच शक्यता ७१ टक्के.

हा पूर किती मोठा, हे दर वर्षाच्या सर्वोच्च विसर्गाच्या, म्हणजे सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याच्या, नोंदींवरून काढतात. नोंदी जेमतेम ३० वर्षांच्या असतील तर १०० वर्षांच्या पुराचा आकडा ताणून काढलेला असतो, हे विसरू नये. लहान ओढ्यांवर सहसा मोजणी केंद्रच नसतं. तिथे पावसाची तीव्रता, पाणलोटाचं क्षेत्र आणि जमीन किती पाणी मुरवते यावरून हिशोब करतात. समजा, १०० हेक्टरवर ताशी ६० मिलिमीटर पाऊस पडतोय आणि त्यातलं ३० टक्के पाणी वाहून येतंय, तर ओढ्यात सेकंदाला ५ घनमीटर येतील. त्याच जमिनीवर वस्ती झाली, ७० टक्के वाहू लागलं, की जवळपास १२. पाऊस तोच, ओढा तोच. नकाशा जुना होतो तो असा.

पुढचं काम नदीचे आडवे छेद घेण्याचं, म्हणजे काठापासून काठापर्यंत जमिनीची आणि तळाची उंची मोजण्याचं. छेद प्रवाहाला काटकोनात, एका काठाच्या उंच जमिनीपासून दुसऱ्या काठाच्या उंच जमिनीपर्यंत जायला हवा. प्रत्येक पुलाच्या वर आणि खाली छेद लागतोच, कारण पुलाची कमान तोकडी पडली की मागे फुगवटा येतो. विमानातून नेहमीच्या लेसरने केलेल्या मोजणीत पाण्याखालचा तळ दिसत नाही. तो होडीतून किंवा पाण्यात उतरूनच मोजावा लागतो. हे टाळलं तर पात्र आहे त्यापेक्षा उथळ धरलं जातं. उपग्रहाच्या फुकट उंची-नकाशांत काही मीटरचीही चूक असू शकते. प्राथमिक पाहणीला ते ठीक, परवानगी देण्यासाठी नाहीत.

विसर्ग आणि छेद यांवरून पाण्याची पातळी काढणारं गणिती प्रतिमान (मॉडेल) तयार होतं. मग ते जुन्या पुराशी ताडून बघायचं, आणि इथेच बारकावा आहे. भिंतीवरची चिखलाची रेघ कोणत्या बाजूची? सेकंदाला २ मीटर वेगाने येणारं पाणी भिंतीला धडकलं की समोरच्या बाजूला सुमारे २० सेंटिमीटर वर चढतं. म्हणून खूण खोलीच्या आतली घ्यावी, जिथे पाणी संथ होतं. शिवाय सगळ्या खुणा एकाच बेंचमार्कवरून, म्हणजे उंची पक्की ठाऊक असलेल्या खुणेवरून, मोजाव्यात. दोन वेगवेगळ्या संदर्भपातळ्यांची (उंची मोजायच्या शून्यांची) सरमिसळ ही या कामातली सर्वांत मामुली आणि सर्वांत महाग चूक.

नकाशा झाल्यावर खरा झगडा भरावाचा. १,००० चौरस मीटरचा प्लॉट दीड मीटर उचलला की पुराची १,५०० घनमीटर जागा गेली. तेवढं पाणी शेजाऱ्याकडे किंवा खाली जातं. प्रत्येक अर्जदाराचा अहवाल म्हणतो, ‘पातळी फक्त २ सेंटिमीटर वाढेल’, आणि तो खोटाही नसतो. असे १५ अर्ज मंजूर झाल्यावर बेरीज मात्र कुणी केलेली नसते. त्यावर उपाय म्हणजे बेरीज आधीच करून ठेवणं. दोन्ही बाजूंनी भराव झाला असं धरून काठ कागदावर नदीकडे सरकवत न्यायचे आणि पातळी ठरलेल्या मर्यादेइतकी वाढली की थांबायचं. अमेरिकेत ही मर्यादा १ फूट आहे. उरलेला मधला पट्टा निषिद्ध: तिथे मैदान, बाग, शेती चालेल, भराव आणि कुंपणाची भिंत नाही. त्याबाहेरच्या, पूररेषेपर्यंतच्या नियंत्रित पट्ट्यात भराव हवाच असेल, तर तेवढीच माती जवळपास, त्याच उंचीच्या थरातून काढायची अट घालावी. खोल खड्डा खणून दाखवलेली भरपाई चालत नाही, तो पूर यायच्या आधीच भरलेला असतो.

नियंत्रित पट्ट्यात जोतं पूरपातळीपेक्षा ३० ते ६० सेंटिमीटर वर हवं. खाली पार्किंग बंदिस्त करायचं असेल तर भिंतींना पाण्यासाठी झरोके ठेवावेत: दर चौरस मीटर जागेला सुमारे ७० चौरस सेंटिमीटर, किमान दोन भिंतींत, आणि झरोक्याची खालची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटरच्या आत. झरोके नसले तर बाहेर १ मीटर पाणी चढल्यावर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर अर्ध्या टनाचा रेटा येतो. २ मीटरला तो दुप्पट नाही, चौपट होतो.

जोत्याची पातळी भिंती चढायच्या आधी मोजावी आणि जोत्याच्या दाखल्यावर आकडा लिहावा. घर पूर्ण झाल्यावर ४० सेंटिमीटरचा फरक सापडला, तर करण्यासारखं फार काही उरत नाही.