बर्फाळ वाइनच्या मागची चारशे वर्षं

२०१६च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधल्या बार प्रिमी या रेस्तराँमध्ये एक गुलाबी पेय मिळू लागलं. रोझे म्हणजे गुलाबी वाइन, स्ट्रॉबेरीचा गर आणि थोडी गोड व्हर्मुथ (वनौषधी, मसाले मुरवलेली वाइन), हे सगळं स्लशच्या यंत्रात फिरवून बर्फाच्या ओलसर भुग्यासारखं केलेलं. फ्रोजन आणि रोझे हे दोन शब्द जोडून त्याला ‘फ्रोजे’ म्हणू लागले. त्याच मोसमात घरी करता येतील अशा कृती मासिकांत छापून आल्या, आणि बघता बघता पीच, आंबा, कलिंगड, बेरी अशा हाताला लागेल त्या फळाबरोबर लोक वाइन गोठवू लागले. तेव्हापासून हे पेय त्या एका उन्हाळ्याची फॅशन म्हणून ओळखलं जातं. मला ते पटत नाही. त्या उन्हाळ्यात नवं होतं ते नाव. वाइन गोठवून उन्हाळ्यात पाहुण्यांपुढे ठेवायची कल्पना १५८९ साली इटलीत छापून आलेली आहे, कृतीसकट.

ती कृती समजायची तर आधी वाइन गोठायला इतकी कुरकुर का करते ते पाहायला हवं. पाणी शून्य अंशाला गोठतं. बारा टक्के अल्कोहोलची वाइन मात्र उणे पाच अंश सेल्सिअसच्या आसपास गोठायला नुसती सुरुवात करते. त्यातही बर्फ होतो तो पाण्याचा. अल्कोहोल उरलेल्या द्रवात साठत जातं, तो द्रव जास्त कडक होतो, आणि जितका कडक तितका गोठायला आणखी नाखूश. म्हणून घरच्या फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना, रात्रभर ठेवलेली वाइनसुद्धा दगडासारखी होत नाही. चमचा घातला तर तो आत जातो. आज आपल्याला हा गुण वाटतो, कारण तोच मऊपणा पेल्यात हवा असतो. पण फ्रीझर नव्हता तेव्हा उणे पाच अंश आणायचे कुठून, हाच सगळा प्रश्न होता.

गार वाइनची हौस अर्थातच त्याहून कितीतरी जुनी. प्राचीन ग्रीसमध्ये ‘सिक्टर’ नावाचं अळंबीच्या आकाराचं भांडं होतं. त्यात वाइन भरून ते गार पाण्याच्या किंवा हिमाच्या मोठ्या भांड्यात ठेवत. रोमन लोक डोंगरावरचं हिम खड्ड्यांत, गवताखाली दाबून उन्हाळ्यापर्यंत टिकवत आणि धातूच्या गाळणीत ते हिम घेऊन त्यावरून वाइन ओतत. मार्शल या कवीने भेटवस्तूंवर लिहिलेल्या ओळींत या हिमगाळणीचाही समावेश आहे. हिमात माती, काडीकचरा असायचा, हे रोमनांनाही ठाऊक होतं. पाणी उकळून, काचेच्या भांड्यात भरून, ते भांडं हिमात रोवून गार करायची युक्ती प्लिनी या रोमन लेखकाने सम्राट नीरोच्या नावावर नोंदवली आहे. गारवा हवा, पण हिमातली घाण नको, असा तो विचार. सेनेका हा तत्त्वज्ञ मात्र हिमासाठी पैसे मोजणाऱ्यांवर चिडलेला दिसतो. वैद्यांचाही विरोध होता. हिम आणि बर्फ छातीला वाईट, खोकला आणणारे, असं हिप्पोक्रेटिस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या नावावरच्या सूत्रांत सांगितलेलं होतं, आणि पुढची कित्येक शतकं ते वाक्य लोकांनी मनावर घेतलं.

पण हे सगळं गार करणं झालं, गोठवणं नव्हे. हिम शून्य अंशाच्या खाली नेत नाही. त्याच्या खाली उतरायला हिमात मीठ किंवा तसा एखादा क्षार मिसळावा लागतो.

हे ज्ञान युरोपात हळूहळू पसरलं. १५५० साली रोममध्ये राहणाऱ्या ब्लास व्हिल्लाफ्रांका या स्पॅनिश वैद्याने, पाण्यात सोरा (बंदुकीच्या दारूत वापरतात तो क्षार) विरघळवला की ते पाणी गार होतं आणि त्यात ठेवलेली वाइनही गार होते, यावर एक छोटं लॅटिन पुस्तक काढलं. मग आला नेपल्सचा जांबात्तिस्ता देल्ला पोर्ता. निसर्गातल्या चमत्कारांवरच्या त्याच्या ग्रंथाची वाढवलेली वीस खंडांची आवृत्ती १५८९ची, आणि तिच्यात वाइन पेल्यातच कशी गोठवावी याची कृती आहे. कुपीत वाइन घ्या. त्यात थोडं पाणी घाला, म्हणजे ती लवकर गोठेल. लाकडी भांड्यात हिम घ्या, त्यावर कुटलेला सोरा पसरा आणि कुपी त्यात फिरवत राहा. वाइन हळूहळू घट्ट होत जाते. मेजवानीत, विशेषतः उन्हाळ्यात, सगळ्यांना हीच गोष्ट हवी असते, असं तो सांगतो. आणि अशी वाइन नुसती पिता येत नाही, श्वास आत ओढत चोखावी लागते, असंही. ते वाचताना मला आजचा फ्रोजेचा पेला डोळ्यांपुढे दिसतो.

त्या थोड्या पाण्यावर मला थांबायचंय, कारण या पेयाचं सगळं मर्म तिथे आहे. साधं मीठ आणि बर्फ यांचं मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. शुद्ध सोरा आणि हिम मात्र उणे तीन अंशांच्या आसपासच थांबतात. म्हणजे सोऱ्याच्या जोरावर बारा टक्क्यांची वाइन नीट गोठणं अवघडच. पाणी घालून अल्कोहोलचा वाटा कमी केला की वाइन लवकर आणि जास्त गोठते. पोर्ताकडे तापमापक नव्हता, गोठणबिंदूचं गणित नव्हतं. त्याने करून पाहिलं असणार आणि हाताला जे कळलं ते लिहून ठेवलं. पुढच्या चारशे वर्षांत वाइन किंवा मद्य गोठवण्यात ज्याला यश आलं, त्याने हेच केलेलं आहे: मद्य कशाने तरी पातळ केलं. कोणी पाण्याने, कोणी साखरेच्या पाकाने, कोणी फळाने.

पुढे नेपल्समध्येच सोरबेत्तोची, म्हणजे गोठवलेल्या गोड फळरसाची, कला बहरली. अंतोनियो लातिनी या मुदपाकखान्याच्या कारभाऱ्याने १६९०च्या दशकात छापलेल्या पाकग्रंथात सोरबेत्तोच्या कृती आहेत. फळाचा रस, साखर आणि गोठवताना ढवळणं, या तीन गोष्टी तिथे एकत्र आल्या. ढवळणं महत्त्वाचं. न ढवळता गोठवलं तर बर्फाचे लांब काटे होतात. ढवळत राहिलं तर बारीक कण होतात आणि जिभेवर मऊ लागतात. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपी मेजवान्यांत याच वाटेने ‘रोमन पंच’ आलं. लिंबाचा अर्धवट गोठवलेला रस, रम, शॅम्पेन आणि फेटलेल्या अंड्याचा पांढरा बलक असं ते मिश्रण जड पदार्थांच्या मध्ये, तोंड स्वच्छ करायला देत. १४ एप्रिल १९१२च्या रात्री टायटॅनिकवर पहिल्या वर्गाच्या शेवटच्या जेवणात हे पंच होतं.

हे सगळं श्रीमंतांच्या टेबलावरचं. सामान्य माणसाच्या पेल्यात बर्फ आला तो अमेरिकेच्या गोठलेल्या तळ्यांमुळे. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८०६ साली तळ्यातला बर्फ जहाजात भरून मार्टिनिक बेटावर पाठवला. लोकांनी त्याला वेड्यात काढलं, सुरुवातीला तोटाही झाला, पण १८३३ साली त्याचा बर्फ कलकत्त्याच्या बंदरात उतरला. मधल्या काळात नॅथॅनियल वायथने घोड्याने ओढायचं बर्फ कापण्याचं अवजार बनवलं होतं. त्यामुळे लाद्या एकसारख्या निघू लागल्या आणि बर्फ स्वस्त झाला. त्या स्वस्त बर्फातून अमेरिकेत शेरी कॉबलर जन्माला आलं. शेरी (स्पेनची कडक वाइन), साखर, संत्र्याच्या चकत्या, वर बेरी, आणि पेला भरून फोडलेला बर्फ. बर्फ दातांना लागू नये म्हणून नळी. प्यायला नळी वापरायची सवय लावण्यात या पेयाचा मोठा हात आहे. वाइन, फळ, साखर आणि भरपूर बर्फ एकाच पेल्यात, तेही उन्हाळ्यासाठी! फ्रोजेचा खरा पूर्वज मी यालाच मानतो. फरक एवढाच की इथे बर्फ वेगळा आहे आणि तो वितळला की वाइन पांचट होते. गोठवलेल्या वाइनमध्ये बर्फ वाइनच्याच पाण्याचा असतो. वितळला तरी त्यातून वाइनच परत मिळते.

फळाची बाजू दोन ठिकाणांहून आली. एक सांग्रिया. स्पेन आणि पोर्तुगालमधलं हे वाइन-फळांचं पेय १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यातल्या स्पॅनिश दालनामुळे अमेरिकेत घरोघरी पोचलं. युरोपीय संघाच्या २०१४च्या नियमानुसार ‘सांग्रिया’ हे नाव एकट्याने फक्त या दोन देशांत बनलेल्या पेयालाच लावता येतं, आणि त्यात अल्कोहोल किमान साडेचार टक्के पण बारापेक्षा कमी असावं लागतं. दुसरं बेल्लिनी. व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये ज्युझेप्पे चिप्रियानीने १९४०च्या दशकात पांढऱ्या पीचचा गर आणि प्रोसेको ही फेसाळ इटालियन वाइन एकत्र केले, आणि जोव्हान्नी बेल्लिनी या चित्रकाराचं नाव त्याला दिलं. सांग्रियात फळ वाइनमध्ये मुरतं. बेल्लिनीत गर वाइनचा भाग होऊन जातो. गोठवायच्या पेयाला दुसरी रीत लागू पडते, कारण गरातल्या तंतूंमुळे आणि पेक्टिन या फळातल्या चिकट घटकामुळे मिश्रणाला अंग येतं आणि बर्फाचे कण एकमेकांना चिकटत नाहीत.

त्यासाठी फळ बारीक वाटणारं यंत्र हवं होतं. स्टीफन पोप्लाव्स्कीने १९२०च्या दशकात भांड्याच्या तळाशी फिरतं पातं बसवलं. १९३७ साली बँडवादक फ्रेड वॉरिंगच्या पाठिंब्याने एक ब्लेंडर बाजारात आला आणि अमेरिकी बारमध्ये रुळला. हवानाच्या एल फ्लोरिदितामध्ये कोन्स्तान्तिनो रिबालाइग्वाने बर्फासकट फिरवलेली डायकिरी (रम, लिंबू आणि साखरेचं पेय) जगप्रसिद्ध केली. त्याच सुमारास फळंही गोठून मिळू लागली: क्लॅरेन्स बर्ड्सआयची झटपट गोठवलेली मांस, भाज्या, बेरी अशी पाकिटं ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत विक्रीला ठेवली गेली. गोठवलेली फळं हाच बर्फ म्हणून वापरता येतात, हे लक्षात आल्यावर पाण्याचा बर्फ घालायची गरजच उरली नाही.

शेवटचा टप्पा डॅलसचा. १९७१ साली टेक्सासमध्ये पेल्यापेल्याने कडक मद्य विकायला परवानगी मिळाली आणि मारियानो मार्तीनेझने रेस्तराँ उघडलं. ब्लेंडरमधल्या मार्गारिटाला (टकीला आणि लिंबाचं पेय) इतकी मागणी आली की बारवरची माणसं थकून गेली, आणि प्रत्येक पेला वेगळा लागू लागला. एका दुकानातलं स्लशचं यंत्र पाहून त्याला सुचलं की हेच मद्याचं करावं. त्याने सॉफ्ट आइस्क्रीमचं जुनं यंत्र घेतलं आणि त्यात बदल केले. पण पोर्ताचीच अडचण पुन्हा उभी राहिली: अल्कोहोल गोठेना. नुसतं पाणी वाढवलं तर चव जाते. साखरेचं प्रमाण वाढवून, नेमकं बसवून त्याने तोडगा काढला. ते यंत्र २००५ साली स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात गेलं.

साखरेचं काम तिथे दुहेरी आहे. तिच्यामुळे बर्फाचे कण लहान आणि मिश्रण मऊ राहतं. शिवाय थंडीत जिभेला गोडी कमी जाणवते. म्हणूनच वितळलेलं आइस्क्रीम जास्त गोड लागतं, आणि म्हणूनच एरवी छान लागणारी कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, वाइन गोठवली की आंबट आणि पोकळ वाटते. वासही दबतो. रेड वाइनमधला तुरटपणा मात्र थंडीत उठून दिसतो. या पेयासाठी रोझे किंवा व्हाइट निवडतात ते त्यासाठी. रोझेही गडद रंगाची घ्यावी, कारण बर्फाचे बारीक कण प्रकाश विखुरतात आणि फिकी गुलाबी वाइन जवळजवळ पांढरी दिसायला लागते.

आजची घरगुती कृती पाहिली तर या सगळ्यांचे हात तिच्यात दिसतात. ७५० मिलीलिटर रोझे पसरट भांड्यात ओतून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायची. पसरट भांडं अशासाठी की थर पातळ असला की ती लवकर आणि सारखी गोठते. दुसऱ्या दिवशी ५०० ग्रॅम गोठवलेली स्ट्रॉबेरी किंवा पीच, साधारण १०० मिलीलिटर साखरेचा पाक आणि थोडा लिंबाचा रस घालून ब्लेंडरमध्ये फिरवायचं. पात्याच्या उष्णतेने मिश्रण सैल होतं, म्हणून अर्धा तास पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवून परत एकदा फिरवायचं. या प्रमाणात बारा टक्क्यांची वाइन साडेसहा-सात टक्क्यांवर येते, म्हणजे पोर्ताच्या पाण्याचं काम इथे फळ करतं.

काही कृतींत वर व्होडका घालायला सांगतात. मी घालत नाही. एक तर तिने मिश्रण पाणचट होतं, दुसरं म्हणजे थंडी आणि गोडी मिळून अल्कोहोलची जाणीव आधीच झाकून टाकतात. अख्ख्या बाटलीत ९० मिलीलिटर शुद्ध अल्कोहोल असतं, ते गोठवल्याने कुठे जात नाही. चार पेल्यांत वाटलं तर प्रत्येकात साडेबावीस मिलीलिटर. आणि पेला भरल्याबरोबर प्यायची घाई करू नये. दोन-तीन मिनिटं थांबलं की कडेचा बर्फ सुटतो, आधी दबलेला स्ट्रॉबेरीचा वास वर येतो, आणि नळीतून पहिला घोट ओढता येतो.