सरकार पालटलं म्हणजे दोस्त-दुश्मनही पालटले?

यवतमाळकडच्या पानठेल्यांवर निवडणुकीनंतर एक वाक्य ठरलेलं: 'सरकार बदललं, आता परदेशाशी सगळा हिशेब नव्यानं.' तसं होत नाही.

१९७७ पाहा. 'खरी अलिप्तता' (अमेरिका किंवा सोव्हिएत, कुठल्याच गटाकडं न झुकणं) आणू म्हणत जनता पक्ष सत्तेवर आला, वाजपेयी परराष्ट्रमंत्री झाले. इंदिरा गांधींचा १९७१चा सोव्हिएत मैत्री करार आता गुंडाळणार, असं अनेकांना वाटलं. करार शाबूत राहिला. बांगलादेशाशी सीमेचा करार तर १९७४चा. २०११ला मनमोहनसिंगांच्या काळात त्याला पुरवणी जोडली गेली अन् तो अमलात आला २०१५ला, मोदी सरकारच्या हातून. आपल्या रामटेकमधून खासदार झालेले नरसिंह राव पंतप्रधान असताना पूर्वेकडच्या देशांशी जवळीक सुरू झाली, तीही पुढं कोणी सोडली नाही. शेजारी, तेलाची गरज, रशियन शस्त्रांचे सुटे भाग हे काही मतपेटीतून बदलत नाहीत.

सूर बदलतो, वेग बदलतो, एखादवेळी १९९८च्या अणुचाचणीसारखं मोठं पाऊलही पडतं. (तिची तयारी मात्र आधीच्या सरकारांपासूनची.)

अन् कापूसवाल्यांनी उलटं उदाहरण घ्यावं. कापसावर ११ टक्के आयात शुल्क २०२१ला लागलं; ऑगस्ट २०२५मध्ये, अमेरिकेच्या वाढीव टॅरिफच्या धामधुमीत, तेच तात्पुरतं उठवलं. दोन्ही वेळा सरकार एकच होतं.