विकिपीडिया संपादन (बेळगाव सीमाभाग)

विकिपीडिया संपादन म्हणजे पगार नाही, मानधन नाही, आपल्या मोकळ्या वेळात विकिपीडियावर लेख लिहायचे, असलेले दुरुस्त करायचे, संदर्भ जोडायचे, फोटो चढवायचे आणि दुसऱ्यांनी केलेले बदल बघायचे. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ ला सुरू झाला, मराठी १ मे २००३ ला, म्हणजे महाराष्ट्र दिनालाच, आणि कन्नडही त्याच वर्षी. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातून हे काम करणाऱ्याची परिस्थिती पुण्या-मुंबईच्या संपादकापेक्षा वेगळी असते, कारण घरात मराठी, सरकारी कागद कन्नडमध्ये, आणि जुनं काही शोधायला गेलं की मुंबई इलाख्याच्या काळातलं इंग्रजी. तिन्ही वाचता येणारी माणसं इथे गल्लोगल्ली आहेत आणि विकिपीडियाला नेमकी तीच हवी आहेत.

सुरुवात करायला खातं लागतंच असं नाही, पण उघडलेलं बरं, कारण खातं नसेल तर प्रत्येक बदल तात्पुरत्या नावाखाली नोंदला जातो आणि मागे कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायला माणूस सापडत नाही. हात बसेपर्यंत धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, लिहावं, तिथं काही बिघडत नाही. प्रत्येक लेखाला एक चर्चा पान असतं आणि एक इतिहास असतो, कुणी कधी काय घातलं, काय काढलं, सगळं त्यात दिसतं आणि जुनी आवृत्ती परत आणता येते. सगळ्यांशी बोलायचं असेल तर चावडी नावाचं सामायिक चर्चेचं पान आहे. पान वगळणं, पान सुरक्षित करणं, त्रास देणाऱ्याला रोखणं हे प्रचालकांच्या हातात असतं, आणि तेही स्वयंसेवकच.

नियम तसे थोडे, पण पाळायला अवघड. जे लिहाल ते विश्वासार्ह ठिकाणी आधी प्रसिद्ध झालेलं पाहिजे, स्वतःचं संशोधन चालत नाही, आणि लिहिताना कुणाची बाजू घ्यायची नाही. सीमाभागात यातला पहिला नियमच फार जड जातो. कारण इथली बरीच माहिती माणसांच्या तोंडात आहे, छापलेली नाही. गावच्या यात्रेचा मान कुणाचा, तळं कुणी खोदलं, शाळा कुणाच्या वाड्यात सुरू झाली हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना पाठ असतं पण त्यावर लेख उभा राहत नाही. मग शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका शोधा, देवस्थान कमिटीचं पुस्तक शोधा, तरुण भारत किंवा पुढारीचे जुने अंक शोधा. बेळगावात सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून आहे, अशा जागी बसून एक दुपार घालवली तर नेटवर तासन्‌तास सापडत नाही ते हाताला लागतं.

उदाहरणार्थ खानापूर तालुक्यातलं हलशी घ्या. कदंब या जुन्या राजघराण्याची ही दुसरी राजधानी, जुनं नाव पलाशिका, इथं सापडलेले कदंबांचे ताम्रपट प्रसिद्ध आहेत, भूवराह नरसिंहाचं देऊळ आहे. या गावावर लिहायला बसलात तर १८८४ चं बेळगाव जिल्ह्याचं गॅझेटियर इंग्रजीत, पुरातत्त्व खात्याची माहिती कन्नड-इंग्रजीत, आणि गावकऱ्यांनी काढलेलं काही असेल तर मराठीत. एक वाक्य लिहायचं, पूर्णविरामानंतर लगेच संदर्भ टाकायचा, पुस्तक, वर्ष, पान नंबर सकट. पान नंबर टाकायचा कंटाळा करू नये, कारण पुढच्या माणसाला तीन-चारशे पानांचं पुस्तक चाळायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे. देऊळ एका रात्रीत बांधलं अशी कथा कुठे छापलेली मिळाली तर ती जरूर घ्यावी, पण आख्यायिका म्हणून, आणि बांधकामाचा काळ वेगळ्या वाक्यात. गावाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेच्या पुस्तिकेतून मिळते, पुढची जनगणना येईल तेव्हा आकडा बदलायचा, म्हणून आकड्यासोबत वर्ष लिहायलाच हवं.

आता सीमाप्रश्न. तो तापला की सगळ्यांचं लक्ष त्याच पानांकडे जातं, कुणी येऊन 'महाराष्ट्रातील' करतो, कुणी येऊन पूर्ण परिच्छेद उडवतो, मग उलटवाउलटवी, म्हणजे एकमेकांचे बदल रद्द करणं, सुरू होते. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं उलटवलं तर बंदी येऊ शकते. इथं तटस्थ लिहायचं म्हणजे आपली बाजू सोडायची असं बऱ्याच जणांना वाटतं आणि त्यांचा जीव तुटतो, ते मी समजू शकतो, १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सव आणि दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिवस पाळणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाला हे सोपं नाहीच. पण १९५६ ची राज्य पुनर्रचना, सीमाप्रश्नासाठी नेमलेला १९६६ चा महाजन आयोग, १९६७ चा त्याचा अहवाल, बेळगाव शहर तेव्हाच्या म्हैसूर राज्यातच ठेवण्याची त्याची शिफारस, महाराष्ट्राने तो अहवाल न स्वीकारणं आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जाणं, हे सगळं तारखा आणि संदर्भांसकट नीट मांडलं तर वाचणाऱ्याला प्रश्न कळतो. 'अन्यायाने डांबलेला भाग' असं लिहिलं तर पुढच्या तासात कुणीतरी पुसतो आणि त्याच्याबरोबर तुमच्या तारखाही जातात. एखाद्या पक्षाचं म्हणणं द्यायचं असेल तर 'महाराष्ट्र एकीकरण समितीच्या मते' असं नाव घेऊन द्यावं, आणि कर्नाटक सरकारची भूमिकाही तशीच नाव घेऊन. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी आहे, तेही लेखात यायलाच हवं, मराठी लेखाचं शीर्षक बेळगाव असलं तरी.

खंत एवढीच की या एका विषयावर जेवढा वेळ जातो त्याच्या पाव वेळही बाकीच्या पानांना मिळत नाही. कुमार गंधर्व ८ एप्रिल १९२४ ला बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले, घर कन्नड, गाणं मराठी घराघरात पोचलेलं. अशा माणसावर पूर्ण लेख लिहायचा तर कन्नड साधनं वाचणारा मराठी संपादकच लागतो. १९२४ चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष झालेलं एकमेव अधिवेशन, त्यावरचं साहित्यही असंच तीन भाषांत विखुरलेलं आहे. आणि कन्नड विकिपीडियावरच्या संपादकांशी चर्चा पानावर सरळ बोलावं, एखादा शिलालेख त्यांच्याकडून वाचून घ्यावा, आपण त्यांना मोडीतला कागद वाचून द्यावा.

फोटोंची गरज तर फारच आहे. कॉमन्सवर, म्हणजे सगळ्या विकिपीडियांच्या सामायिक फोटोसाठ्यावर, चढवलेला फोटो मराठी, कन्नड, इंग्रजी सगळ्या लेखांत वापरता येतो. अट अशी की फोटो तुम्ही स्वतः काढलेला किंवा हक्कमुक्त पाहिजे आणि तो कुणीही, अगदी धंद्यासाठीसुद्धा वापरू शकेल हे तुम्हाला मान्य पाहिजे. व्हॉट्सॲपवर आलेला, पेपरमधून कापलेला चालत नाही. भारतीय कायद्यानुसार सार्वजनिक जागी कायम असलेल्या इमारती आणि पुतळे यांचे फोटो टाकता येतात, भिंतीवरच्या चित्रांना ती सवलत नाही. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथलं जैन मंदिर, टिपायला हरकत नाही, फक्त किल्ल्याचा बराच भाग लष्कराकडे आहे तेव्हा पाटी बघून कॅमेरा काढावा. जुन्या लेखनाचं म्हणाल तर लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणून १९३७ मध्ये वारलेल्या ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांचं स्वतःचं लेखन आज मोकळं आहे, पण कालपरवाच्या पेपरातला मजकूर जसाच्या तसा चिकटवणं हा हक्कभंगच.

भाषेमुळे बरेच जण मागे राहतात. 'काय करालास' म्हणणाऱ्या पोरांना वाटतं आपली मराठी लेखाला चालायची नाही. लेखात प्रमाण मराठी लागते हे खरं, पण वाक्य दुरुस्त करायला दुसरे संपादक आहेत, माहिती आणायला मात्र तिथं राहणाराच लागतो. टायपिंगची अडचण आता उरलेली नाही, मोबाईलच्या कीबोर्डवर मराठी येतं आणि बोलूनही लिहिता येतं, फक्त ळ आणि ऱ्य एकदा तपासून घ्यावेत.

१९८१ चं निपाणीचं तंबाखू आंदोलन हे अजून हातात घेण्यासारखं मोठं काम. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं ते आंदोलन, त्यात गोळीबार झाला, शेतकरी गेले. तेव्हा रस्त्यावर बसलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांचं सांगणं थेट विकिपीडियावर घालता येत नाही, त्यामुळे आधी ते कुणीतरी एखाद्या दिवाळी अंकात किंवा पेपरात नीट छापून आणायला हवं, आणि त्या वर्षीचे अंक वाचनालयात आहेत तोवर त्यातल्या बातम्यांच्या तारखा, मथळे, पान नंबर उतरवून ठेवायला हवेत.