रेनहिलची चाचणी (१८२९)

रेनहिल हे इंग्लंडमधलं लिव्हरपूलजवळचं गाव. ऑक्टोबर १८२९ मधे इथे वाफेच्या इंजिनांची स्पर्धा झाली, तीच रेनहिल ट्रायल्स. तोवर इंजिन नवीन राहिलं नव्हतं, रिचर्ड ट्रेव्हिथिकने १८०४ मधेच वेल्समधे १० टन लोखंड वाफेवर ओढून दाखवलं होतं, पण बिडाचे रूळ इंजिनाच्या वजनाने तुटायला लागले आणि गाडं तिथेच अडलं. त्यामुळे लिव्हरपूल-मँचेस्टर लाईन बांधत आली तरी डायरेक्टर लोकांचं ठरेना, ठिकठिकाणी मशिनं बसवून दोराने डबे ओढायचे की पळतं इंजिन घ्यायचं. शेवटी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं.

पाच जण उतरले, त्यातल्या एकात तर वाफेऐवजी चक्क घोडा फिरत्या पट्ट्यावर चालवला होता. पब्लिकची आवडती 'नॉव्हेल्टी', हलकी आणि वेगवान, पण तिचे पाईप दगा देत राहिले. टिमथी हॅकवर्थच्या 'सान्स परेल'चा सिलिंडर गेला. दीडेक मैलाच्या पट्ट्यावर मागेपुढे फेऱ्या मारत लिव्हरपूल ते मँचेस्टरएवढं अंतर काढायचं होतं, ते पूर्ण केलं फक्त जॉर्ज आणि रॉबर्ट स्टीफन्सन या बापलेकांच्या 'रॉकेट'ने.

रॉकेटची खरी कमाल बॉयलरमधे आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी. आधीच्या इंजिनांत भट्टीची धग एखाद-दुसऱ्या जाड नळकांड्यातून पाण्यातून जायची, इथे तांब्याच्या २५ बारीक नळ्या टाकल्या, म्हणजे पाण्याला धग लागायची जागा कितीतरी वाढली. ही आयडिया लिव्हरपूल-मँचेस्टर लाईनच्या कंपनीचे सेक्रेटरी हेन्री बूथ यांची, त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही याचं वाईट वाटतं. शिवाय वापरलेली वाफ धुराड्यात सोडलेली, ती वर जाताना भट्टीतून हवा ओढून घेते, त्यामुळे इंजिन जितकं जोरात पळेल तितकी आग जास्त पेटते. नंतरची वाफेची इंजिनं थेट शेवटपर्यंत याच दोन गोष्टींवर चालली.

१५ सप्टेंबर १८३० ला लाईन सुरू झाली. त्याच दिवशी वाटेत पार्कसाईडला पाणी घ्यायला गाडी थांबली असताना खासदार विल्यम हस्किसन खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या रॉकेटखाली पाय चिरडून रात्री वारले.

पार्कसाईडजवळच न्यूटन-ले-विलोज गावात या लाईनीला लागूनच व्हल्कन फाउंड्री नावाचा कारखाना निघाला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी नेणारी इंजिनं तिथेच बनलेली.