फोक्सवॅगन नेमकी कोणाची? एका जुन्या कायद्याची पार्श्वभूमी

२०२४च्या डिसेंबरात फोक्सवॅगनच्या जर्मनीतल्या नऊ कारखान्यांत सुमारे एक लाख कामगारांनी काही तास काम बंद ठेवलं. किमान तीन कारखाने बंद करायचे आणि पगारात दहा टक्के कपात करायची, असा व्यवस्थापनाचा बेत कामगार प्रतिनिधींनी ऑक्टोबरात उघड केला होता. ख्रिसमसच्या तोंडावर तडजोड झाली. २०३०पर्यंत ३५ हजारांहून अधिक नोकऱ्या कमी होणार, पण कोणालाही सक्तीनं घरी पाठवायचं नाही आणि कारखान्यांना लगेच टाळं लावायचं नाही, असं ठरलं. चीनमधली घसरलेली विक्री, महागलेली वीज, इलेक्ट्रिक गाड्यांवर ओतलेला पैसा ही कारणं सगळ्यांनी वाचलेली आहेत. पण एवढ्या संकटातही ही कंपनी आपलाच कारखाना बंद करायला का कचरते, हे त्या कारणांतून कळत नाही. त्यासाठी १९६०चा एक कायदा समजून घ्यावा लागतो. त्या कायद्याचं मूळ १९३३च्या एका लुटीत आहे.

२ मे १९३३ रोजी नाझींनी जर्मनीभरच्या कामगार संघटनांची कार्यालयं ताब्यात घेतली. पुढाऱ्यांना अटक झाली, इमारती आणि निधी जप्त झाला. ही सगळी मालमत्ता नाझींनी उभ्या केलेल्या ‘कामगार आघाडी’कडे गेली. १९३८ साली फालर्सलेबेन गावाजवळ कारखान्याची पायाभरणी झाली, तेव्हा बांधकामाला जो पैसा लागला त्यात या जप्त मालमत्तेचा मोठा वाटा होता. गाडीचं डिझाइन फर्डिनांड पोर्श यांचं, किंमत ९९० मार्क. बाकीची ‘बीटल’ची गोष्ट बहुतेकांना माहीत असते.

कमी माहीत असते ती बचत योजना. गाडी हवी असणाऱ्याला एक पुस्तिका मिळायची. दर आठवड्याला पाच मार्कांचं तिकीट विकत घ्यायचं आणि पुस्तिकेतल्या चौकटीत चिकटवायचं. ९९० मार्क भरायला या हिशेबानं जवळजवळ चार वर्षं लागत, शिवाय विमा वेगळा. व्याज नाही, आणि मध्येच थांबलं तर पैसे परत मिळायची सोय नाही. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी ही तिकिटं चिकटवली. त्यातल्या एकालाही गाडी मिळाली नाही. युद्ध सुरू झालं आणि कारखान्यातून लष्करी गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या बनवायला युद्धकैदी, व्यापलेल्या देशांतून ओढून आणलेले मजूर आणि छळछावण्यांतले कैदी असे सुमारे २० हजार लोक राबवले गेले. कंपनीनं या काळाचं संशोधन इतिहासकारांकडे सोपवलं ते १९८६ साली, आणि वेठबिगारांसाठी निधी काढला तो १९९८ साली. तोवर त्यातले किती जण हयात असणार, याचा विचार केला की या उशिराला क्षमा करणं कठीण जातं.

युद्ध संपलं तेव्हा हा कारखाना अक्षरशः बेवारस होता. ज्या ‘कामगार आघाडी’चा होता, ती बरखास्त झालेली. ब्रिटिशांनी ताबा घेतला, त्यांच्या एका मेजरनं मोडक्या छपराखाली उत्पादन सुरू केलं आणि लष्करासाठी २० हजार गाड्यांची ऑर्डर मिळवली. गावाचं नावही बदलून वुल्फ्सबुर्ग झालं. १९४९ साली ब्रिटिशांनी कारखाना जर्मनांच्या हवाली केला, पण हवाली करतानाचा आदेश मोघम ठेवला: कारभार लोअर सॅक्सनी राज्यानं बघायचा, तोही केंद्र सरकारच्या वतीनं आणि त्याच्या सूचनेनुसार. मालक कोण, हे त्यात स्पष्ट नव्हतं.

मग दावेदार पुढे आले. केंद्राला कंपनी विकायची होती. राज्य म्हणत होतं, कारखाना आमच्या जमिनीवर आहे, आम्हीच तो सांभाळतोय. कामगार संघटनांचं म्हणणं असं की भिंती उभ्या राहिल्या त्या आमच्या लुटलेल्या पैशातून, तेव्हा ही कंपनी खासगी मालकाच्या घशात जाता कामा नये. बचत करणारेही कोर्टात गेले होते. त्यांचा खटला १९६१मध्ये तडजोडीनं मिटला: नवी गाडी घेतली तर ६०० मार्कांपर्यंत सूट, नाहीतर १०० मार्क रोख. दरम्यान कारखाना थांबला नव्हता. १९५५ साली दहा लाखावी बीटल बाहेर पडली होती, आणि मालकी न ठरलेली ही कंपनी पश्चिम जर्मनीच्या भरभराटीचं चिन्ह बनली होती.

जुलै १९६०मध्ये संसदेनं या कंपनीसाठी स्वतंत्र कायदा केला. ‘फोक्सवॅगन कायदा’ म्हणून तो ओळखला जातो. ६० टक्के शेअर जनतेला विकायचे; केंद्र आणि राज्य यांनी प्रत्येकी २० टक्के ठेवायचे. शेअर सामान्यांपर्यंत जावेत म्हणून उत्पन्नाची मर्यादा घातली होती, आणि सुमारे १५ लाख लोकांनी ते घेतले. विक्रीतून आलेल्या पैशातून विज्ञान संशोधनाला मदत करणारं एक प्रतिष्ठान उभं राहिलं, ते आजही चालू आहे.

वाद झाला तो पुढच्या कलमांवरून. एक, कोणाकडे कितीही शेअर असले तरी मतं २० टक्क्यांपुरतीच. दोन, जर्मनीत एरवी जे मोठे निर्णय ७५ टक्के मतांनी होतात त्यांना इथं ८० टक्क्यांहून जास्त मतं हवीत, म्हणजे वीस टक्केवाला एकटा अडवू शकतो. तीन, केंद्र आणि राज्य यांना पर्यवेक्षक मंडळावर, म्हणजे व्यवस्थापनावर देखरेख करणाऱ्या मंडळावर, प्रत्येकी दोन जागा. आणि चार, कारखाना नव्यानं उभारायचा किंवा दुसरीकडे हलवायचा तर पर्यवेक्षक मंडळात दोन तृतीयांश बहुमत लागेल.

हे चौथं कलम वाचताना सहज नजरेतून सुटतं, आणि माझ्या मते सगळ्यात वजनदार तेच आहे. १९७६च्या कायद्यानं मोठ्या जर्मन कंपन्यांत पर्यवेक्षक मंडळाच्या निम्म्या जागा कामगार प्रतिनिधींना मिळाल्या. फोक्सवॅगनमध्ये २० पैकी १०. म्हणजे कारखाना हलवायचा निर्णय कामगारांच्या मर्जीविरुद्ध होऊच शकत नाही. कलमात ‘बंद करणं’ असा शब्द नाही, त्यामुळे कारखाना बंद करण्याला ते लागू होतं का यावर कायद्याचे जाणकार वाद घालतात. पण एक कारखाना बंद करून तिथलं काम दुसरीकडे न्यायचं म्हटलं की ते हलवणंच झालं. शिवाय राज्याचे दोन प्रतिनिधी कामगारांच्या बाजूला बसले तर २० पैकी १२ मतं होतात. साधं बहुमतही मग व्यवस्थापनाच्या हातात राहत नाही.

केंद्र सरकारनं आपला हिस्सा १९८८ साली विकून टाकला. राज्यानं ठेवला. १९९३च्या मंदीत हजारो नोकऱ्या जादा ठरल्या, तेव्हा कपातीऐवजी २८.८ तासांचा, चार दिवसांचा आठवडा निघाला आणि सुमारे ३० हजार नोकऱ्या वाचल्या. त्या करारातली नोकरीची हमी पुढे तीस वर्षं टिकली. २०२४च्या सप्टेंबरात कंपनीनं ती मोडली तिथूनच त्या डिसेंबरातला संघर्ष पेटला.

युरोपीय आयोगाला हा कायदा सलत होता. भांडवलाच्या मुक्त वावरात अडथळा, असं म्हणत त्यानं जर्मनीला कोर्टात खेचलं आणि ऑक्टोबर २००७मध्ये युरोपीय न्यायालयानं कायद्यातल्या काही तरतुदी बेकायदा ठरवल्या. जर्मनीनं मतांवरची मर्यादा आणि सरकारी जागा काढल्या, पण ८० टक्क्यांची अट ठेवली. आयोग पुन्हा कोर्टात गेला आणि २०१३ साली हरला. राज्यानं तोवर कंपनीच्या अंतर्गत नियमावलीतून आपल्या दोन जागा परत मिळवल्या होत्या: किमान १५ टक्के शेअर आहेत तोवर त्या कायम. कारखान्यांच्या कलमाला तर कोणी हातच लावला नाही.

या निकालाच्या आगेमागे जे घडलं ते शेअर बाजारात अजून सांगितलं जातं. पोर्श कंपनीनं २००५पासून फोक्सवॅगनचे शेअर गोळा करायला सुरुवात केली होती. २६ ऑक्टोबर २००८ रोजी तिनं जाहीर केलं की ४२.६ टक्के शेअर हातात आहेत आणि आणखी ३१.५ टक्क्यांवर ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावानं पुढे घेण्याचे करार, आहेत. राज्याचे २० टक्के बाजूला काढले तर बाजारात जेमतेम सहा टक्के उरत होते, आणि भाव पडेल या भरवशावर शॉर्ट केलेले, म्हणजे उसने घेऊन विकलेले, शेअर त्याहून कितीतरी जास्त होते. उसने शेअर परत करण्यासाठी सगळे एकदम खरेदीला धावले. २८ तारखेला भाव हजार युरोच्या वर गेला आणि जग मंदीत बुडत असताना फोक्सवॅगन काही काळ जगातली सर्वाधिक बाजारमूल्याची कंपनी ठरली. पण राज्य हटलं नाही. ८० टक्क्यांची अट असल्यानं पोर्शला फोक्सवॅगनच्या तिजोरीपर्यंत पोचता येईना, आणि शेअर घ्यायला काढलेलं कर्ज दहा अब्ज युरोंच्या घरात गेलं. शेवटी २०१२पर्यंत फोक्सवॅगननंच पोर्शचा मोटार व्यवसाय विकत घेतला. मात्र पोर्श आणि पिएख या घराण्यांच्या होल्डिंग कंपनीकडे फोक्सवॅगनची निम्म्याहून जास्त मतं राहिली. तेव्हापासून घराणं, राज्य आणि कामगार अशी तिघांची सत्ता आहे, आणि कतारचा सरकारी निधी चौथा.

या व्यवस्थेनं लाखो कुटुंबांना स्थैर्य दिलं, हे मान्य करायलाच हवं. तिची काळी बाजू मात्र दोनदा उघडी पडली आणि दोन्ही वेळा तिचे धागे भारतापर्यंत आले.

पहिली वेळ २००५. कामगारांनी निवडलेल्या कामगार परिषदेच्या प्रमुखाला गुप्त बोनस आणि प्रतिनिधींना कंपनीच्या खर्चानं ऐषआराम पुरवला जात होता, हे बाहेर आलं. मनुष्यबळ संचालक राजीनामा देऊन गेले आणि पुढे दोषी ठरले. त्याच प्रकरणातल्या एका अधिकाऱ्याचं नाव विशाखापट्टणमच्या नियोजित कारखान्याशी जोडलं गेलं. तिथं आंध्र सरकारनं ११ कोटींहून अधिक रुपये एका खासगी कंपनीत भरले होते, आणि तिचा फोक्सवॅगनशी संबंधच नव्हता असं निघालं. तो प्रकल्प बारगळला. नोव्हेंबर २००६मध्ये महाराष्ट्र सरकारशी करार झाला आणि ३१ मार्च २००९ला चाकणचा कारखाना सुरू झाला. समूहातली श्कोडा त्याआधीच, २००१पासून, औरंगाबादजवळ शेंद्र्याला गाड्या जोडत होती. चाकणच्या पोलोनं २०२२पर्यंत इथल्या रस्त्यांवर जे नाव कमावलं ते जड दरवाजा, घट्ट बांधणी आणि हायवेवरची स्थिरता यांच्या जोरावर. सर्व्हिस महाग पडते ही कुरकुर तेव्हाही होती, आजही आहे.

दुसरी वेळ २०१५. त्याआधी २०१३मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजणीची यंत्रं डिकीत ठेवून एक डिझेल पसाट लॉस एंजेलिसहून सिएटलपर्यंत चालवली. प्रयोगशाळेत स्वच्छ ठरणारी फोक्सवॅगनची डिझेल गाडी रस्त्यावर मर्यादेच्या कितीतरी पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत होती. इंजिनाच्या सॉफ्टवेअरला चाचणी चालू आहे हे ओळखता येत होतं, आणि तेवढ्यापुरतं ते शहाण्यासारखं वागत होतं. जगभरात एक कोटी दहा लाख गाड्यांत ही लबाडी निघाली. दंड, भरपाई, दुरुस्ती मिळून खर्च ३० अब्ज युरोंच्या पुढे गेला.

भारतात सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. पुण्यातल्या वाहन संशोधन संस्थेच्या रस्त्यावरच्या चाचणीत उत्सर्जन बीएस-४ या तेव्हाच्या भारतीय प्रदूषण मानकाच्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळलं. कंपनीचा बचाव असा की बीएस-४ची मर्यादा प्रयोगशाळेपुरती होती, रस्त्यावरच्या चाचणीचा नियमच नव्हता. मार्च २०१९मध्ये हरित लवादानं ५०० कोटींचा दंड ठोठावला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. कायद्याच्या अक्षराला धरून तो बचाव टिकेलही. पण चाचणी ओळखणारं सॉफ्टवेअर बसवलेल्या कंपनीनं चाचणीच्या व्याख्येमागे उभं राहावं, हे पटत नाही.

पर्यवेक्षक मंडळाला हे कसं दिसलं नाही, हा प्रश्न जर्मनीत पुन्हा पुन्हा विचारला गेला. घराण्याला नियंत्रण हवं, राज्याला आणि कामगारांना नोकऱ्या हव्यात. बाहेरून येऊन अवघड प्रश्न विचारणारा त्या टेबलाभोवती जवळजवळ नव्हताच. २०१७ साली उघड झालं की घोटाळ्यानंतर विधानसभेत करायच्या भाषणाचा मसुदा राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी आधी फोक्सवॅगनकडे पाठवला होता. तपशील तपासण्यापुरताच, असा खुलासा त्यांच्या सरकारनं केला. मंडळावर बसलेला मुख्यमंत्री आणि त्या कंपनीला जाब विचारणारा मुख्यमंत्री एकच माणूस असतो, ही अडचण त्या खुलाशानं सुटत नाही.

डिसेंबर २०२४ची तडजोड याच टेबलाभोवतीच्या बळावर झाली. जर्मनीतल्या पश्चिमेकडच्या मोठ्या कारखान्यांपैकी कासेल सोडला तर बाकी सगळे लोअर सॅक्सनीतच आहेत, त्यामुळे राज्य कुठं उभं राहणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. ड्रेस्डेनमध्ये गाड्या बनवणं २०२५अखेर थांबवायचं ठरलं. ते शहर सॅक्सनी या दुसऱ्या राज्यात येतं. लोअर सॅक्सनीतल्या ओस्नाब्रुकला २०२७पर्यंत काम मिळालं आहे, पुढे तिथं काय बनवायचं हे त्या तडजोडीत ठरलं नाही.